मदरबोर्ड बदलल्यावर काय सोबत न्यावे?



विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. तारीख वाचून आमच्या घरी सगळेच हसले. आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन! पत्नी म्हणाली, "आपण मुहूर्त पाहत नाही, पण तुमच्या कॉम्प्युटरनं दिवस बरोबर निवडला."

हसण्यावारी गेलेली ही गोष्ट पुढे बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिली. तिच्यातून एक प्रश्न निघाला, तो तुमच्यापुढे मांडतो. पाया बदलल्यावर जुन्यातले काय सोबत न्यायचे आणि काय मागे ठेवायचे? तुम्ही संगणकाच्या क्षेत्रात नसाल तरी घाबरू नका. लागेल तेवढे तंत्र सोपे करून सांगतो.

माझा घरचा संगणक मी २०१६ साली स्वतः जोडलेला. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर होता. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि त्या जुन्या बोर्डावर तो चालत नाही. म्हणजे प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्डही बदलणे आले. आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या घेत जुन्यावरच राहण्याची सोय होती. मी ती घेतली नाही. आज ना उद्या करायचेच आहे, तर आत्ताच करू, असे ठरवले.

नोव्हेंबरातला शनिवार होता. ट्रलीत त्या दिवसांत पाचच्या आत अंधार पडतो आणि बाहेर पाऊस असतोच. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर बसवला. रॅम जुनीच चालली. मग मी आळस केला. जुनी एसएसडी, तिच्यावरच्या जुन्या विंडोजसकट, तशीच नव्या बोर्डाला जोडली आणि बटण दाबले.

निळा पडदा आला. अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागत होता.

कारण साधे होते. माझी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, आणि त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डावरच्या सुरक्षा यंत्रणेशी, टीपीएमशी, बांधलेली होती. बोर्ड गेला, किल्ली गेली. बोर्ड बदलण्याआधी हे कुलूप तात्पुरते स्थगित करायचे असते, हे मला माहीत होते. अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आहे, वीस वर्षे या धंद्यात आहे, इतरांना बॅकअपचे धडे देतो. आणि त्या डिस्कवर माझ्या वडिलांचा आवाज होता. एकच प्रत.

२०१४ साली सुट्टीत गावी गेलो असताना मी ते ध्वनिमुद्रण केले होते. चार संध्याकाळी, मिळून साधारण तीन तास. वडिलांनी त्यात १४ ऑक्टोबर १९५६ ची आठवण सांगितली आहे. तेव्हा ते दहा वर्षांचे होते. २०१९ साली वडील गेले. त्यांच्यानंतर मी ती फाईल एकदाही उघडली नव्हती, कारण आहे ना, मग कधीही ऐकू.

पत्नीने पासपोर्टांची फाईल आणली. तिच्यात मुलीच्या लसीकरणाच्या कार्डामागे एक कागद होता, त्यावर तिच्या अक्षरात अठ्ठेचाळीस अंक. मी कधीतरी "हे कुठेतरी लिहून ठेव" म्हणालो होतो म्हणे. अंक टाकताना माझा हात थरथरत होता, हे कबूल करतो.

संगणक सुरू झाला. तोच जुना पडदा, तीच चिन्हे, जणू काही घडलेच नव्हते. मला वाटले, झाले काम. पण थोड्याच वेळात कुरबुरी सुरू झाल्या. केबलचे इंटरनेट लागेना. झोपवलेला संगणक जागा होईना. जुन्या बोर्डासाठी टाकलेला एक प्रोग्रॅम नसलेला पंखा शोधत बसला होता. आणि विंडोज सक्रिय नसल्याची सूचना आली, कारण तिच्या हिशेबी हा वेगळाच संगणक होता.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर नावाची एक यादी असते. कोणते यंत्र जोडलेले आहे ते तिथे दिसते. त्यात लपलेली उपकरणे दाखवण्याचा एक पर्याय आहे. तो आपण मुद्दाम निवडावा लागतो. निवडल्यावर फिकट रंगात एक लांबलचक यादी उमटली. जुन्या बोर्डाचे भाग, फेकून दिलेला प्रिंटर, कधीकाळी जोडलेले पेन ड्राइव्ह. एकही हजर नाही, आणि सगळ्यांची नोंद कायम.

त्या रात्री मी ठरवले, नव्याने इन्स्टॉल करायचे. पण आधी काय वाचवायचे ते ठरवायला हवे होते, आणि तिथून माझा खरा प्रश्न सुरू झाला.

आपल्या परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात रथाची उपमा येते. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, असे विचारत नागसेन राजाला दाखवून देतात की या भागांहून वेगळा, आत लपलेला असा "रथ" कुठेच नाही. भाग एका रीतीने जुळले की त्या जुळणीला आपण रथ म्हणतो. संगणकाचेही तसेच. तो तोच संगणक आहे का, या प्रश्नाला संगणकाच्या आत उत्तर नाही. माझी मुलगी त्याला "बाबांचा कॉम्प्युटर" म्हणते, तिच्यासाठी तो तोच आहे. परवाना तपासणाऱ्या व्यवस्थेला तो वेगळा आहे, कारण तिने ओळख मुख्यतः मदरबोर्डावर बेतली आहे.

इथे ट्रलीत या प्रश्नाचे एक स्थानिक उत्तर आहे. शहरापासून कालव्याच्या काठाने चालत गेले की ब्लेनरव्हिलची पांढरी पवनचक्की लागते. आयर्लंडच्या महादुष्काळात, १८४८ साली, इथूनच "जीनी जॉन्स्टन" नावाचे जहाज भुकेलेल्या माणसांना घेऊन क्यूबेककडे निघाले. १८५५ पर्यंत त्याने १६ फेऱ्या केल्या आणि अडीच हजारांहून अधिक माणसे अटलांटिकपार पोचवली. त्या काळी अशा जहाजांवर रोगराईने इतकी माणसे मरत की लोक त्यांना शवपेटी जहाजे म्हणत. जीनी जॉन्स्टनवर एकही प्रवासी दगावला नाही. जहाजावर डॉ. रिचर्ड ब्लेनरहॅसेट होते, स्वच्छतेचा आग्रह होता.

ते मूळ जहाज १८५८ साली समुद्रात बुडाले. त्यानंतर जवळजवळ दीड शतकाने ब्लेनरव्हिललाच त्याची प्रतिकृती बांधली गेली. आज ती डब्लिनच्या धक्क्यावर उभी असते. तिच्यात मूळ जहाजाची एकही फळी नाही. तरी केरीचे लोक तिला आपले जहाज म्हणतात. बांधणाऱ्यांनी जुन्याचा आकार घेतला, नाव घेतले, गोष्ट घेतली. पण आजच्या सागरी सुरक्षेला जे लागते ते नवे बसवले, इंजिनसुद्धा. प्रवाशांची दाटी मात्र दाखवण्यापुरतीच ठेवली. तळात पुतळे करून ठेवले आहेत, एका फळीवर दाटीवाटीने झोपलेली कुटुंबे. ती दाटी आठवणीत राहावी म्हणून आहे, पुन्हा जगण्यासाठी नाही.

हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

आता आपल्या पायाकडे येऊ. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली. प्रत्यक्ष दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मध्ये २१ वर्षे आणि एक दिवस. या काळात त्यांनी इतर धर्म पारखले, बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास केला आणि लोकांचे मन तयार केले. बोर्ड बदलायची घाई झालेल्या माझ्यासारख्या माणसाने यातून शिकावे. आणि दीक्षा दिल्यावर ते तिथेच थांबले नाहीत. भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून त्रिशरण-पंचशील घेतल्यावर त्यांनी स्वतः समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली एकविसावी सांगते की आज माझा नवा जन्म झाला. आत्मा न मानणाऱ्या धम्मात हा नवा जन्म याच देहात, याच आयुष्यात घ्यायचा असतो. म्हणून लगेच बाविसावी येते आणि यापुढे बुद्धाच्या शिकवणीप्रमाणे वागण्याचे बंधन घालते.

प्रतिज्ञा एका दिवसात झाल्या. कागदपत्रे मात्र चौतीस वर्षे मागे राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदू धर्माशी बांधलेला होता. १९५६ मध्ये तो शिखांना लागू झाला, बौद्धांना थेट १९९० मध्ये. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्याच्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राच्या दारात जुने नाव सांगितल्याशिवाय किल्ली लागत नव्हती. त्यामुळे कितीतरी घरांत भिंतीवर बुद्ध आणि दाखल्यावर "हिंदू" अशी स्थिती राहिली. माझ्या वडिलांच्या दाखल्यावरही तेच होते. तरुणपणी मला याचा राग येत असे. आज वाटते, तो राग चुकीच्या माणसावर होता. परवाना जुन्या बोर्डाला ज्याने बांधला, दोष त्याचा. दोन नावांनी जगावे लागणाऱ्याला ढोंगी म्हणणे सोपे असते, विशेषतः ट्रलीत बसून.

तर, पाया बदलल्यावर तीन मार्ग असतात.

पहिला, माझ्या आळसाचा. जुनी डिस्क तशीच नव्या बोर्डावर लावायची. वरून चालू दिसते. आपल्यापैकी अनेकांचे परदेशी येणे असेच झाले आहे. देश नवा, घर नवे, आणि आत सगळे जुने तसेच चालू. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा आपला निबंध वाचला. त्यात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांचा इशारा नोंदवला आहे: हिंदू जगभर गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. शंभरेक वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिॲटलच्या नगर परिषदेला जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा नियम करावा लागला. डिस्क तशीच नेली की असे होते.

दुसरा मार्ग रागाचा. सगळे पुसून टाकायचे. बॅकअप नाही, मागे पाहणे नाही. मुलांना भाषा नको, गाव नको, आजोबांच्या वेदना नकोत. मी हा मोह समजू शकतो. पण असे करणाऱ्याचे मूल शाळेत कोणी विचारले की गप्प बसते, कारण त्याच्याकडे सांगायला काहीच नसते. दीक्षाभूमीवर आपण का गेलो हे ज्याला माहीत नाही, त्याला आपण तिथून काय घेऊन आलो हे कसे कळणार?

तिसरा मार्ग म्हणजे नव्याने इन्स्टॉल करणे, पण आधी निवडून वाचवणे. संगणकात ही निवड सोपी असते, कारण तिथे दोन प्रकारच्या गोष्टी स्पष्ट वेगळ्या असतात. एक, फाईल: फोटो, पत्र, ध्वनिमुद्रण. ती पडून असते. तुम्ही उघडली तर उघडते, नाहीतर काही करत नाही. दुसरी, ड्रायव्हर: यंत्राला कसे वागायचे ते सांगणारी आज्ञा. तो तुम्हाला विचारत नाही. संगणक सुरू होतानाच तो चालू होतो, सर्वांत आतल्या थरात आणि जवळजवळ सर्व अधिकारांसह. जुन्या यंत्रासाठी लिहिलेला ड्रायव्हर नव्यावर चालला तर नव्याला जुने समजून हुकूम देतो.

म्हणून नियम असा: फाईल न्यायची, ड्रायव्हर न्यायचा नाही. आठवण ठेवायची, आज्ञा ठेवायची नाही.

हा नियम सापडल्यावर मी खूश झालो. इथेच लेख संपवला असता. पण बॅकअप घेताना, प्रत नीट उतरली का ते पाहायला म्हणून, मी वडिलांचे ध्वनिमुद्रण उघडले. आणि नियम दिसतो तितका सोपा नाही हे कळले.

वडील आपल्या बोलीत सांगतात: "मौद्याकडून बंडीनं निघालो. नागपुरात बाबानं मले खांद्यावर घेतलं. पाहतो तं लोकच लोक, सारे पांढऱ्या कपड्यातले. बाबासाहेब लई लांब, मले धड दिसले बी नाही. आवाज तेवढा आयकू ये. मी बाबाले इचारलं, आता आपण कोण झालो? बाबा म्हणे, घरी चाल, सांगतो."

घरी आल्यावर आजोबांनी काही सांगितले नाही. देवळीतले सगळे देव एका फडक्यात बांधले, मुलाचे बोट धरले आणि कन्हान नदीवर गेले. फडके पाण्यात सोडले. परत येताना म्हणाले, "कळलं?"

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. पुढची मात्र त्या फाईलमध्ये पहिल्यांदा नीट ऐकली. मुद्रण करताना बहुधा माझे लक्ष फोनच्या बॅटरीकडे असावे. आजी १९९३ साली गेली. तिची ट्रंक उघडली तेव्हा लुगड्याच्या घडीत पितळेची बोटभर मूर्ती निघाली. म्हणजे त्या फडक्यात सगळे देव गेले नव्हते. एक आजीने काढून ठेवला होता, सदतीस वर्षे.

वडील म्हणतात, मला संताप आला. मायने बाबाला फसवले, बाबासाहेबांना फसवले. तेव्हा मोठ्या आत्याने त्यांना बाजूला नेले आणि सांगितले की तुझ्या आधी एक बहीण होती, तीन वर्षांची होऊन तापाने गेली. ती त्या मूर्तीशी बाहुलीसारखी खेळायची. "माय तिले कधी हात जोडे नाही," आत्या म्हणाली. "बोट फिरवे फक्त."

आता सांगा, ती मूर्ती फाईल होती की ड्रायव्हर?

यादीत पाहिले तर ड्रायव्हरच. देवाची मूर्ती, प्रतिज्ञांच्या थेट विरुद्ध. आजोबांनी ती पाण्यात टाकली असती तर कोणी चूक म्हटले नसते. पण आजीच्या ठिकाणी ती कोणतीही आज्ञा देत नव्हती. तिने नवस केला नाही, भीतीने दिवा लावला नाही, सुनेला काही पाळायला लावले नाही. ती एका मुलीची आठवण होती, आणि त्या काळी त्या घरात लहान मुलीचा फोटो कुठून असणार?

उलटही होते. वरून निखळ फाईल दिसणारी गोष्ट आतून ड्रायव्हर असू शकते. बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. वस्तू कोणती हे पुरेसे नाही. ती हातात घेताना मनात काय चालते हे पाहावे लागते. आणि ते बाहेरून दिसत नाही.

मी सैलपणाची वकिली करतो आहे असे समजू नका. प्रतिज्ञा स्पष्ट आहेत आणि त्या मला बांधतात. "आठवण म्हणून" असे सांगून पूजा चालू ठेवणे ही पळवाट आहे, आणि पळवाट काढणाऱ्याला ती पळवाट आहे हे आत माहीत असते. माझे म्हणणे एवढेच की ही तपासणी ज्याची त्याने करायची आहे. आपल्या मंडळांत कोणाच्या घरी दिवाळीचा कंदील लागला, कोणी कोणत्या जेवणाला गेले, यावर होणाऱ्या चर्चा तुम्ही ऐकल्या असतील. दुसऱ्याची ट्रंक उघडण्यात आपण फार वाकबगार झालो आहोत. आपली लपलेली यादी पाहायचा पर्याय मात्र आपण क्वचित निवडतो.

माझी यादी मला मुलीने दाखवली. ती चौदा वर्षांची आहे.

मी आठवड्यातले काही दिवस घरून काम करतो. माझ्या खुर्चीमागे फळीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. एकदा ती म्हणाली, "बाबा, इथल्या ऑफिसच्या कॉलला तुम्ही मागचं ब्लर करत नाही. इंडियाच्या कॉलला करता. का?"

मी म्हणालो, "असंच." ती निघून गेली. मी मात्र तिथेच बसून राहिलो, कारण ते खरे होते आणि ते मी कधी ठरवले नव्हते. भारतातल्या सहकाऱ्यांसोबतची बैठक दिसली की माझे बोट आपोआप त्या बटणाकडे जात होते. त्या लोकांपैकी कोणी मला कधी काही बोललेले नाही. हुकूम त्यांचा नव्हताच. तो हॉस्टेलमधल्या पहिल्या वर्षाचा होता, आडनाव विचारल्यानंतर बदलणाऱ्या एका आवाजाचा. तो आवाज पंचवीस वर्षांपूर्वीचा. खोली गेली, शहर गेले, देश गेला, बोर्ड दोनदा बदलला. ड्रायव्हर चालूच.

आजीने ट्रंकेत मूर्ती लपवली होती. मी फळीवर उघडा ठेवलेला फोटो धूसर करत होतो. नव्या जन्माची प्रतिज्ञा आमच्या दोघांपैकी कोणी जास्त पाळली?

आता उपमेची मर्यादाही सांगायला हवी, कारण उपमा फार ताणली की फसवते. संगणकाची डिस्क पुसून नव्याने इन्स्टॉल करायला मला तासाभराहून कमी वेळ लागला. माझा परवाना मी वेगळा विकत घेतलेला, यंत्रासोबत आलेला नव्हता. म्हणून खात्यात जाऊन "मी नुकतेच हार्डवेअर बदलले" असे सांगताच तो नव्या बोर्डावर चालू झाला. यंत्रासोबत येणारा परवाना सहसा त्या मदरबोर्डालाच जखडलेला असतो, बोर्ड गेला की तोही जातो. जातीने माणसाची लायकी अशीच जन्माला जखडली. वसल सुत्तात बुद्धांनी ती जन्मापासून सोडवून कर्माशी जोडली. इथवर उपमा चालते. पण मनाला फॉरमॅट नाही. कोणतेही बटण दाबून ती लाज माझ्यातून जाणार नाही, आणि मी दाबणारा आणि पुसली जाणारी डिस्क असे दोन वेगळे नाहीतच.

मनासाठी बुद्धांनी सांगितलेला उपाय सम्यक् व्यायाम आहे, आणि त्याचे चार भाग कोणत्याही तंत्रज्ञाला पटतील असे आहेत. न उपजलेले अकुशल येऊ न देणे, आलेले सोडणे, न उपजलेले कुशल उपजवणे, असलेले राखणे. यात एकदाच करून मोकळे होण्याजोगे काही नाही. बाविसावी प्रतिज्ञा "यापुढे" म्हणते, ते रोजचे यापुढे आहे. मला यात दिलासा वाटतो. नवा जन्म एका दिवशी पूर्ण झाला पाहिजे असे मानले, तर फळीवरचा फोटो धूसर करणारा मी नापास. तो रोज घ्यायचा असेल, तर उद्याची बैठक बाकी आहे.

पुढच्या सोमवारी मी ब्लर न लावता बसलो. कोणी काही म्हटले नाही. पहिली दहा मिनिटे मी स्वतः काय बोललो, ते मात्र मला आठवत नाही.

वाचकहो, या लेखातून दोनच गोष्टी मागतो.

पहिली. तुमच्या घरात किंवा गावी १९५६ पाहिलेले, किंवा पाहिलेल्यांकडून ऐकलेले कोणी असेल, तर त्यांचा आवाज जपून घ्या. या वर्षी घ्या. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत. प्रश्न कमी विचारा, फोनच्या बॅटरीकडे पाहू नका, आणि प्रती तीन ठेवा. त्यातली एक दुसऱ्या घरी. डिस्कला कुलूप लावले असेल तर किल्ली कागदावर लिहून पासपोर्टांच्या फाईलमध्ये ठेवा.

दुसरी. यंदाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी, वंदना झाल्यावर, पाच मिनिटे शांत बसून आपली लपलेली यादी पाहा. मी न ठरवता काय करतो? कोणापुढे माझा आवाज बदलतो? काय झाकतो? सापडेल त्याला लगेच शिव्या देऊ नका. तो हुकूम कोणाचा होता आणि ते यंत्र आज हजर आहे का, एवढेच तपासा.

वडिलांचे ध्वनिमुद्रण मी आता मुलीलाही दिले आहे. तिला बोली सगळी कळत नाही. "आयकू ये" म्हणजे काय, "बंडी" म्हणजे काय, असे थांबून थांबून विचारते. "आता आपण कोण झालो" इथे मात्र तिने विचारले नाही. फाईल थोडी मागे नेऊन ते पुन्हा ऐकले.

जुना मदरबोर्ड गेल्या महिन्यात मी ट्रलीतल्या पुनर्वापर केंद्रावर देऊन आलो. त्याने नऊ वर्षे चांगले काम केले होते.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.

ट्रली, काउंटी केरी, आयर्लंड